माहुली ते हरिपूर : एका गुडघ्याची वाट

सातारा शहर ज्यांनीं मोटारींतून पाहिलें असेल त्यांस तें रम्य वाटतें. ज्यांनीं तें पायांनीं पाहिलें आहे त्यांस तें प्रथम चढाचें वाटतें, आणि रम्य मागाहून. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून गांव उतरत गेलेलें आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे व तेथून माची पेठेकडे निघालेला मनुष्य, त्याच्या लक्षांत येवो वा न येवो, सारखा वर जात असतो. आमचें घर माची पेठेंत. रस्त्यापासून जोत्यापर्यंत ९ पायऱ्या, ओसरींतून माडीवर जावयास उभा लांकडी जिना व धरावयास एक दोर, न्हाणीघर परसांत आणि तेंही दोन पायऱ्या खालीं. देवघर माडीवर. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस असें घर निराळें वर्णन करून सांगावयास नको. वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मीं तें कधीं मोजलें नव्हतें. पायऱ्या मोजण्याची पाळी गुडघ्यानें आणली.

साताऱ्यास २०१२ सालापासून डोंगरी अर्ध-मॅरेथॉन होते. २१ किलोमीटरांची ही शर्यत निम्मी यवतेश्वराच्या घाटानें वर व निम्मी त्याच घाटानें खालीं अशी धांवावयाची असते. २०१९ सालीं मित्रांच्या आग्रहानें मींही तयारीस लागलों. दोष शर्यतीचा नव्हे, घाटाचा तर नव्हेच. तीन आठवडे उरले असतां रोजची ४ किलोमीटरांची धांव एकदम १४ वर नेणाऱ्या माझ्या बुद्धीचा तो दोष होता. चढतांना दम लागे, पण पाय निमूट असत. उतरतांना उजव्या गुडघ्याच्या वाटीमागें कोणीतरी बारीक वाळू घातली आहे असें वाटूं लागलें. पुढें डावाही त्याला सामील झाला. शर्यतीच्या दिवशीं मी रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवीत होतों.

ह्या दुखण्याची जागा समजून घेण्याजोगी आहे. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाशीं असलेल्या खोबणींतून वर-खालीं सरकते, आणि मांडीच्या पुढचा मोठा स्नायु तिला ओढीत असतो. सपाटीवर चालतांना वाटीमागें पडणारा दाब बेताचा असतो. जिना उतरतांना तोच दाब शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो, आणि उकिडवें बसतांना त्याच्याही पुढें जातो. म्हणजे आमच्या घरांतील पूजा, पंगत, परसाकडे जाणें आणि वडिलांस वांकून नमस्कार करणें, ह्यांपैकीं एकही गोष्ट त्या वाटीला सोसण्यासारखी नव्हती.

पहिला सल्ला मिळाला तो पूर्ण विश्रांतीचा. कोणी दिला तें सांगत नाहीं. देणारा हेतूनें चांगलाच होता. “जिना चढूं नका, मांडी घालूं नका, धांवणें तर जन्माचें विसरा.” मीं तो अक्षरशः पाळला. माझें अंथरूण माडीवरून ओसरीवर आलें. पुढें साथीच्या रोगाच्या टाळेबंदीनें घराबाहेर पडणेंच थांबलें, तेव्हां ह्या विश्रांतीस सरकारी पाठिंबाही मिळाला! सात-आठ महिन्यांनीं मीं सहज दर्जीकामाची टेप मांडीभोंवतीं गुंडाळली, तेव्हां दोन्ही मांड्या पूर्वीपेक्षां पुष्कळच उतरल्या होत्या. दुखणें मात्र जेथल्या तेथें. किंबहुना पूर्वी घाट उतरतांना दुखे, तें आतां उंबरा ओलांडतांना दुखूं लागलें.

मग चुंबकीय प्रतिमा काढून झाली. अहवालांत वाटीमागची कूर्चा किंचित् मऊ झाल्याचें लिहून आलें, आणि त्या दोन शब्दांनीं माझी झोंप उडविली. आमच्याकडे “झीज” हा शब्द आजीच्या गुडघ्यांसाठीं राखून ठेवलेला होता. पुढें मला एक गोष्ट कळली, ती तेव्हांच कोणी सांगितली असती तर कांहीं रात्री वांचल्या असत्या. अमेरिकेंतील फ्रामिंगहॅम गांवीं पन्नाशी उलटलेल्या ७१० माणसांचे गुडघे असेच तपासण्यांत आले. साध्या क्ष-किरणांत त्यांच्या गुडघ्यांत संधिवाताची खूण नव्हती. तरी २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत ८९ टक्क्यांच्या प्रतिमांत कांहीं ना कांहीं वैगुण्य निघालें, आणि त्यांत ज्यांचें कधींच दुखत नव्हतें असेही लोक पुष्कळ होते. चित्रांतला डाग आणि दुखणें ह्यांचें गणित आपण समजतों तितकें सरळ नाहीं. अर्थात् ज्याचा गुडघा अडकून बसतो, अकस्मात् दगा देतो किंवा सुजून गरम होतो, त्यानें असल्या गणितावर विसंबून न राहतां आधीं वैद्याकडे जावें. तीं दुखणीं वेगळीं.

तरुण माणसाचा गुडघा दुखतो ह्यांत एक विशेष लाज आहे, ती म्हाताऱ्यांच्या वांट्याला येत नाहीं. चुलत बहिणीच्या लग्नांत मला खाली पाटावर बसवेना, म्हणून टेबल-खुर्चीच्या पंगतींत बसविण्यांत आलें. त्या पंगतींत माझ्यानंतर लहान असे जे गृहस्थ होते त्यांची सत्तरी झालेली होती. शेजारच्यांनीं मोठ्या आपुलकीनें विचारलें, “आपलं कोणतं? डावं कीं उजवं?” मीं “दोन्ही” म्हणतांच त्यांनीं मान डोलावून मला जिलबी वाढावयास लावली. त्याच सुमारास एक स्थळ आलें होतें. मीं पहिल्याच भेटींत खरें तें सांगितलें. मुलीकडच्यांनीं आठ दिवसांनीं पत्रिका जुळत नसल्याचें कळविलें. पत्रिका आधीं जुळलेली होती, हें दोन्ही घरांस ठाऊक होतें. पण त्यांनाही बोल लावतां येत नाहीं.

घरांत ह्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग आजोबांना होता, आणि त्याला कारणही तसेंच होतें. त्यांचें बालपण औंधांत गेलेलें. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींचें तें औंध. त्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे होते, आणि स्वतः महाराजांनीं त्या विषयावर पुस्तकें लिहून व्यायामाचा प्रचार विलायतेपर्यंत नेला. आजोबांनीं ऐंशीच्या पुढें जाईपर्यंत नमस्कार सोडले नाहींत. अशा माणसाचा नातू ओसरीवर लोळत पडलेला, हें त्यांना पाहवत नसे. “पंतांच्या राज्यांत असं दुखणं ऐकलं नव्हतं,” एवढेंच ते म्हणत. दरवर्षीं दासनवमीच्या उत्सवांत आमचें सारें घर सज्जनगडावर जातें. ओळीनें तीन वर्षें मी खालीं गाडींत बसून राहिलों, आणि वर जाणाऱ्यांच्या चपला सांभाळल्या.

२०२२च्या श्रावणांत सांगलीहून आत्याचा निरोप आला. “त्याला इकडे पाठवून दे. आमच्याकडे चढ म्हणून नाहीं. मिरजेला दाखवूं.” माझें काम संगणकावरचें, कोठेंही बसून होणारें. आईनें पिशवींत कंदी पेढे घातले आणि मी निघालों.

साताऱ्याहून सांगलीस जाणें म्हणजे कृष्णेच्या संगतीनें जाणें. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणेला. गाडीच्या खिडकीजवळ पाय लांब करून बसावयास मिळालें होतें, म्हणून हा भूगोल मीं प्रथमच नीट पाहिला. डोंगर हळूहळू मागें सरतात, काळी जमीन रुंदावत जाते, उसाचे मळे सुरू होतात, आणि कऱ्हाडच्या पुढें तर नदीलाच घाई उरत नाहीं.

कऱ्हाडास दोन तास थांबून मी मुद्दाम गोळेश्वरास गेलों. खाशाबा जाधवांचें हें गांव. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक पदक. परत आले तेव्हां शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असते. पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. १९५६च्या ऑलिंपिकच्या आधीं गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनें त्यांची वाट अडविली. तेव्हां त्यांचें वय तिशीच्या आंतबाहेर. ज्या पायांनीं जगांतले मल्ल अडविले त्यांतलाच एक सांधा आडवा आला. गोळेश्वराच्या रस्त्यावर उभा असतां मला पदकापेक्षां तो गुडघाच अधिक आठवत राहिला. माझ्या रडगाण्याशीं त्याची बरोबरी करावी असें नव्हे. पण तरुण वयांत गुडघा हरणें हें केवळ ओसरीवर लोळणाऱ्यांचें दुखणें नाहीं, एवढें तरी त्या गांवानें मला सांगितलें. तोंपर्यंत मी मनांतून स्वतःला आळशीच समजत होतों.

सांगलीस आत्याचें घर गांवभागांत, तळमजल्यावर, नदी चालत पांच मिनिटांवर. सांगली सपाट आहे, म्हणजे किती सपाट आहे हें साताऱ्याच्या माणसासच कळावें! गणपतीच्या देवळापर्यंत, बाजारापर्यंत, नाट्यगृहापर्यंत, कोठेंही जा, पोटरीला पत्ता लागत नाहीं. मात्र सपाटीचीही किंमत असते. आमच्याकडे पाऊस पडला कीं गटारें खळाळतात आणि तासाभरांत रस्ता कोरडा होतो. सांगलींत साताऱ्याचा पाऊस दुसऱ्या दिवशीं येतो, आणि तो आभाळांतून न येतां नदींतून येतो.

श्रावणांतल्या त्या दिवसांत आत्याच्या घरीं सकाळीं पहिला प्रश्न चहाचा नसे. आतोबा वर्तमानपत्र उघडीत किंवा दूरध्वनीवर पाहत आणि विचारीत, “आयर्विनवर किती?” १९२९ सालीं कृष्णेवर बांधलेल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्या वर गेलें आणि आत्याच्या स्वयंपाकघरांत ओट्याच्या वर उभें राहिलें. भिंतीवरची ती रेघ तिनें अजून रंगवूं दिलेली नाहीं. ह्या लोकांना पाण्याची भीति नाहीं असें नव्हे, पण त्यांची भीति आंकड्यांत बोलते. २५ फुटांना ते २५ फुटांइतकेच भितात. आणि आणखी एक गोष्ट त्यांना पाठ असते. कोयनेच्या धरणांतून आज किती पाणी सोडलें हें कळलें, तरी तें सांगलीस पोंचावयास सुमारें एक दिवस लागतो. आज पुलाखालीं पाणी शांत दिसतें म्हणून कोणी नि:शंक होत नाहीं. आणि उद्यां पाणी चढलें तर उद्यांच्या आभाळाला कोणी दोष देत नाहीं. काल वर काय सोडलें होतें, तें ते आधीं विचारतात.

मिरज सांगलीपासून हांकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उभारलें तेव्हांपासून दूरदूरचे रोगी मिरजेच्या स्थानकावर उतरत आले आहेत. आमच्या आजीची पिढी “मिरजेला नेलं” असें म्हणे, तेव्हां प्रकरण गंभीर आहे असें समजावें. मला तेथें ज्या फिजिओथेरपीच्या बाई भेटल्या त्या माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनीं अहवाल पाहिला, बाजूला ठेवला, आणि मला एका बुटक्या पायरीवरून एका पायानें उतरावयास सांगितलें. माझा गुडघा आंत वळला, कंबर एका अंगास कलली, आणि मी भिंत धरली.

“गुडघा बिघडलेला नाहीं, एकटा पडलेला आहे,” त्या म्हणाल्या. “वरचा मांडीचा स्नायु आणि कमरेचे स्नायु झोपले आहेत. दुखतं म्हणून वापरत नाहीं, वापरत नाहीं म्हणून अशक्त होतात, अशक्त म्हणून पुन्हां दुखतं. तुम्ही दोन वर्षं त्याला विश्रांति दिलीत. आतां त्याला काम द्या. पण मोजून.”

कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. सांध्यांतलें वंगण दाबानें आंत-बाहेर होतें, तेंच तिचें पोषण. म्हणजे अजिबात भार न टाकणें हा तिचा उपवास होय. व्यायाम सोपे होते. मला तर ते अपमानकारक सोपे वाटले. उताणें निजून पाय सरळ उचलावयाचा. कुशीवर निजून वरचा पाय उचलावयाचा. भिंतीला पाठ लावून थोडेंसेंच खालीं सरकावयाचें. पायरीवरून सावकाश उतरावयाचें. पुढें घोट्याला वजन बांधून तेंच.

आणि एक नियम. दुखण्याला शून्य ते दहा असा आंकडा द्यावयाचा. व्यायाम करतांना तीनपर्यंत दुखलें तर चालेल, त्याला भिऊं नये. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं सकाळीं. सकाळीं आंकडा पूर्वीच्या जागीं आला असेल तर कालचें काम योग्य; आला नसेल तर काल जास्त झालें. तें आजच्या जिन्याचें पाप नव्हे.

घरीं येऊन मीं हें आत्याला सांगूं लागलों तों आतोबा पेपर खालीं ठेवून म्हणाले, “म्हणजे कोयनेचं पाणी!” झालें. त्या दिवसापासून त्या घरांत माझ्या गुडघ्याची पातळी नदीच्या पातळीबरोबर विचारली जाऊं लागली. तीन म्हणजे इशारा, पांच म्हणजे धोका. आत्यानें दिनदर्शिकेवर रोजचे दोन आंकडे लिहिण्याचा परिपाठ घातला: वर पुलाचा, खालीं माझा.

घोट्याच्या वजनासाठीं आत्यानें जुन्या धोतराच्या लांबट पिशव्या शिवल्या व त्यांत तुरीची डाळ भरली. पहिला आठवडा अर्धा किलो, मग पाऊण, मग एक. “सांगलींत हळद स्वस्त आहे, पण तुला पिवळा करून परत पाठवायचा नाहीं,” ती म्हणाली. ह्या डाळीच्या पिशवीची वंशावळ मोठी आहे, हें मला मागाहून कळलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या लष्करी रुग्णालयांत थॉमस डीलॉर्म नांवाच्या तरुण डॉक्टरापुढें गुडघे निकामी झालेले शिपाई रांगेनें पडलेले होते. हलक्या हालचाली पुष्कळ वेळां कराव्या, अशी तोंवरची रीत. डीलॉर्म स्वतः लहानपणीं संधिज्वरानें अंथरुणास खिळलेला होता आणि वजनें उचलून बरा झाला होता. त्यानें शिपायांच्या पायांना वजन बांधलें, तें क्रमानें वाढवीत नेलें, आणि १९४५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर गुडघ्याच्या उपचारांत जो चढता भार वापरतात त्याचें मूळ बरेंचसें तेथें आहे. आत्याला मीं हें सांगितलें, तेव्हां तिनें फक्त त्यानें पिशवींत काय भरलें होतें तेवढें विचारलें.

पायरीवरचे व्यायाम मी घाटावर करूं लागलों. भाद्रपद संपतांना पाणी उतरूं लागलें होतें, आणि कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चिखलाखालून एकेक करून बाहेर येत होत्या. सकाळीं धुणें धुणाऱ्या बायका, संध्या करणारे दोन-तीन वृद्ध, आणि एकाच पायरीवर शंभर वेळां चढ-उतार करणारा मी. पहिल्या दिवशीं एका आजींनीं विचारलें, “कांहीं हरवलंय का?” पंधरवड्यानें त्याच आजी मोजावयास मदत करूं लागल्या, आणि त्यांचे आंकडे माझ्यापेक्षां उदार असत.

फिरावयास हरिपूरचा रस्ता. सांगलीपासून हरिपूर तीन-चार किलोमीटर, चिंचांच्या जुन्या झाडांचा, गुडघ्याला न दुखवणारा रस्ता. आणि टोंकाला कृष्णा-वारणेचा संगम व संगमेश्वराचें देऊळ. गोविंद बल्लाळ देवलांचें हें जन्मगांव. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘शारदे’ंत तरुण मुलीशीं लग्न करूं निघालेला जख्ख म्हातारा भुजंगनाथ आहे. मी काठी टेकीत निघालों कीं आत्या दारांतून ओरडे, “भुजंगनाथ, संगमापर्यंत नको, निम्म्यावरून परत या!” मोडलेल्या स्थळाची हकीकत तिला ठाऊक होती. तरीही ती हें म्हणे, आणि मला त्या थट्टेनेंच बरें वाटे. साताऱ्यास माझ्यादेखत त्या विषयावर कोणी बोलतच नसे.

अश्विनांत मीं घोडचूक केली. लागोपाठ दहा दिवस आंकडा दोनच्या वर गेला नव्हता. त्या दिवशीं हवा सुंदर होती. मी संगमापर्यंत गेलों, घाटाच्या साऱ्या पायऱ्या दोनदां उतरून चढलों, आणि काठी न टेकतां परत आलों. रात्रीं जेवतांना आंकडा एक! मीं आईला दूरध्वनी करून बरा झाल्याचें कळवूनही टाकलें. सकाळीं उठलों तों दोन्ही गुडघे भरलेले, आंकडा सहा. न्हाणीघरापर्यंत भिंतीच्या आधारानें गेलों, आणि तेथेंच बसून मनसोक्त रडलों. अठ्ठावीस वर्षांचा मनुष्य गुडघ्यासाठीं रडतो हें लिहितांना आतां संकोच वाटतो. पण झालें तें असें. मला वाटलें, दोन महिने वाहून गेले.

आतोबा दाराबाहेर उभे राहून म्हणाले, “अरे, पूर आला म्हणून कोणी गांव सोडतं का? पाणी उतरेल. काल किती सोडलंस तें सांग.”

बाईंनींही तेंच सांगितलें, फक्त कमी शब्दांत. दोन दिवस भार निम्मा, मग पुन्हां आदल्या आठवड्याच्या पायरीवर. चवथ्या दिवशीं आंकडा तीन, आठव्या दिवशीं दोन. त्या आठ दिवसांत मला जें कळलें तें पहिल्या दोन महिन्यांत कळलें नव्हतें. दुखणें चढणें म्हणजे दरवेळीं कांहीं मोडणें नव्हे. दोन वर्षें मी प्रत्येक कळेला झीज समजून मागें हटत आलों होतों.

दिवाळीस आजोबांचा दूरध्वनी आला. नव्वदीचा आवाज, पण स्पष्ट. मीं भीतभीतच सांगितलें कीं, सध्यां रोज तीनच नमस्कार घालतों आणि तेही गुडघा पूर्ण न दुमडतां. पलीकडे थोडा वेळ कांहीं ऐकूं येईना. मग ते म्हणाले, “मला आमच्या वडिलांनीं पहिला महिनाभर तीनच घालूं दिले होते. चौथा घातला म्हणून ओरडले होते.” एवढी गोष्ट त्यांनीं आजवर कधीं सांगितली नव्हती, बहुधा त्यांनाही ती तेव्हांच आठवली असावी.

मार्गशीर्षांत मी साताऱ्यास परतलों. घाटाच्या बहुतेक पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि डाळीच्या पिशव्या चार किलोंवर गेल्या होत्या. (ती डाळ आत्यानें मागें ठेवून घेतली व आमटीस वापरली, असें ऐकतों.) माझें अंथरूण पुन्हां माडीवर गेलें. गुडघे पूर्ववत् झाले असें मी म्हणणार नाहीं. आजही लांबच्या प्रवासांत पाय दुमडून बसलों तर ते आठवण देतात, पंगतींत तासभर मांडी घालवत नाहीं, आणि घाट उतरतांना मी धांवत नाहीं. पण देवघरांत जातांना दोर धरावा लागत नाहीं.

२०२३च्या माघांत उत्सवासाठीं आम्ही सज्जनगडास गेलों. आतां मोटार पुष्कळ वरपर्यंत जाते; राहतात त्या दोनेकशें पायऱ्या. चपला सांभाळावयास ह्या खेपेस पुतण्याला बसविलें आणि मी वर निघालों. दोन्ही दरवाजे ओलांडून समाधीपर्यंत पोंचलों तेव्हां आंकडा दोन होता. रामाचें दर्शन झालें, पंगतींत गव्हाची खीर झाली. मंडळी परत निघाली. चढण्याचें भय मला कधींच नव्हतें. उतरण्याचें होतें, म्हणून मी मुद्दाम सर्वांच्या मागें राहिलों. एकेक पायरी, कडेनें, घाटावर शिकलों तशी.

निम्म्या वाटेवर पाहतों तों आईही मागेंच. ती माझ्यासाठीं रेंगाळत असावी असें मला वाटलें. मग लक्षांत आलें कीं, ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची घेत आहे, आणि भिंतीचा दगड धरीत आहे. हें उतरणें माझ्या चांगल्या ओळखीचें होतें. घरांतला तो जिना ती दिवसांतून वीस वेळां चढते-उतरते. माझें अंथरूण खालीं आलें तेव्हां जेवणाचें ताटही तीच खालीं आणून देत असे.

मीं थांबून विचारलें, “आई, किती?”

प्रथम ती “कांहीं नाहीं रे” म्हणाली. मग माझ्या हातांतल्या काठीकडे पाहून म्हणाली, “पांच. गेल्या दिवाळीपासून पांचच आहे.”

आम्ही दोघें तेथेंच कठड्याशीं बसलों. खालीं उरमोडीचें पाणी उन्हांत चमकत होतें, आणि पुतण्या हातांत चपला घेऊन आम्हांला हांका मारीत होता. मीं दूरध्वनी काढून आत्याला लावला व श्रावणांत दोघांची सोय होईल का, म्हणून विचारलें.